जुना संगणक आणि नवा कारभारी

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हे नाव, संगणकाशी थोडाफार संबंध आलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. दिल्लीच्या १९६२ च्या बृहद्-आराखड्यात जी जिल्हा केंद्रे योजिली होती, त्यांपैकी हे एक. उंच कचेऱ्यांच्या मधल्या फरसबंद चौकात आणि भोवतालच्या लहानमोठ्या गाळ्यांत संगणक, त्यांचे सुटे भाग, त्यांची दुरुस्ती आणि जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री हा व्यवहार तेथे वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. कचेऱ्यांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप येथे येतात, त्यांची डागडुजी होते, आणि मग ते एखाद्या विद्यार्थ्याच्या, शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या हाती जातात. नवे यंत्र घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याचा संगणकाशी पहिला परिचय होतो तो अशाच एखाद्या जुन्या यंत्राच्या द्वारे.

अशा लक्षावधी यंत्रांपुढे १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी एक प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे नियमित पोषण त्या दिवशी थांबले. नाव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सवलत ठेवण्यात आली. पण ती केवळ मुदतवाढ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ही यंत्रे आदल्या दिवसासारखीच सुरू झाली. पत्रे लिहिली गेली, हिशेब झाले, मुलांचे धडे झाले. मग थांबले ते नेमके काय? आणि यंत्र धडधाकट असताना ते निकालात काढावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी कार्यप्रणाली म्हणजे काय हे समजून घेणे इष्ट.

जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी होय. जुन्या काळच्या मोठ्या वाड्यात कोठीच्या किल्ल्या कोणाकडे, पाहुण्यांना खोली कोणती, गड्यांपैकी कोणी कोणते काम आधी उरकायचे, हे सारे कारभारी पाहत असे. मालकाने फक्त इच्छा सांगायची. संगणकाच्या पेटीत हिशेब करणारा प्रोसेसर असतो, हातचे काम ठेवण्यासाठी रॅम नावाची तात्पुरती स्मृती असते, कायमच्या साठ्यासाठी डिस्क असते. शिवाय पडदा, कळफलक, छपाईयंत्र, इंटरनेटची जोडणी हा परिवार असतोच. यांपैकी कोणालाही आपण थेट हुकूम करीत नाही. आपण एक कळ दाबतो आणि कार्यप्रणाली त्या कळीचा अर्थ लावून योग्य त्या भागाकडून काम करवून घेते. परक्याला दारात अडविण्याचे कामही तिचेच.

हे शेवटचे काम सर्वांत नाजूक. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत कोठे ना कोठे फट राहून जाते. ती सापडली, की चोर तिच्यातून आत शिरतो. आणि ती सापडताच बुजविणे हे निर्मात्याचे नित्याचे काम असते. पोषण थांबले याचा अर्थ हे बुजविणे थांबले. वाडा पडला नाही. पण भिंतीला उद्या भोक पडले, तर गवंडी येणार नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या मालकाने ही गोष्ट हलकी मानू नये.

यावर सरळ उपाय म्हणजे त्याच कंपनीची पुढची प्रणाली, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली ‘विंडोज ११’, बसविणे. परंतु येथे जुन्या यंत्राची अडचण होते, आणि ती बहुतेकांना वाटते तशी वेगाची अडचण नव्हे. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठा पुरतो. खरी अट वेगळी आहे. एक तर यंत्रात ‘टीपीएम २.०’ हे सुरक्षेचे साधन हवे. गुप्त किल्ल्या डिस्कवर उघड्या न ठेवता वेगळ्या जपणारी ती यंत्रातली छोटीशी तिजोरी होय. दुसरे म्हणजे प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. परिणाम असा, की सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असलेले दणकट यंत्र दाराबाहेर राहते आणि नंतरच्या पिढीचे, ४ जीबी रॅमचे अशक्त यंत्र आत घेतले जाते.

या अटीमागे केवळ नवी यंत्रे खपविण्याचा हेतू आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या प्रोसेसरांत सुरक्षेच्या काही सोयी मुळातच असतात, आणि त्या गृहीत धरून प्रणाली रचली, तर ती अधिक भक्कम होते. पण कारण कितीही योग्य असले, तरी ज्याच्या घरी जुने यंत्र आहे त्याच्यापुढील पेच त्याने सुटत नाही. म्हणून प्रथम पाहायचे ते आपले यंत्र खरोखरच नाकारले गेले आहे काय. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते; पण यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, ते बंद ठेवलेले असते. मायक्रोसॉफ्टचाच ‘पीसी हेल्थ चेक’ हा तपासणीचा प्रोग्राम याचा उलगडा करतो. केवळ एक कळ फिरवायची राहिली म्हणून यंत्र बाद समजले जाऊ नये. आडवाटेने, अटी चुकवून, विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्याही बाजारात सांगितल्या जातात. पण अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र खरोखरच यादीबाहेरचे निघाले, तर दुसरा कारभारी शोधणे आले. असा कारभारी गेली तीन दशके उपलब्ध आहे. त्याचे नाव लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहिण्यास घेतला आणि तो सर्वांना पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळा ठेवला. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाची साधने त्याला येऊन मिळाली, आणि त्यातून डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट अशी अनेक घराणी निर्माण झाली. गाभा एक, पण मांडणी, रंगरूप आणि सोबतचे साहित्य निरनिराळे. यांतील बहुतेकांना किंमत पडत नाही.

हा कारभारी भारतातही नवखा नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध करणाऱ्या सी-डॅक या संस्थेने, डेबियनच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ साली प्रसृत केली. पुढे २०२३ मध्ये, दिल्लीत संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली बसविण्याचे ठरविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेथे प्रश्न जुन्या यंत्रांचा नव्हता, परक्यांच्या घुसखोरीपासून बचाव करण्याचा होता. तरीही ही प्रणाली म्हणजे काही हौशी तरुणांचे खेळणे आहे हा समज दूर होण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

जुन्या यंत्राच्या दृष्टीने लिनक्सचा मोठा गुण असा, की कारभाऱ्याचा थाटमाट किती असावा हे मालकाला ठरविता येते. पडद्यावरील खिडक्या, सावल्या आणि हालती चित्रे यांवर रॅम खर्च होते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारख्या साध्या मांडणीत हा खर्च आटोक्यात राहतो. लिनक्स मिंटची किमान अपेक्षा २ जीबी रॅम आणि २० जीबी साठा इतकीच आहे. ४ जीबी असल्यास कामे सुखाने चालतात.

तथापि कारभारी बदलला म्हणजे वाड्याची तुळई नवी होत नाही. संगणक मंद का चालतो याचे कारण पुष्कळदा रॅम आणि डिस्क यांच्या व्यवहारात असते. रॅम अपुरी पडली, की प्रणाली हातचे काम डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावरील सुईसारखे टोक प्रत्येक वेळी योग्य जागी सरकावे लागते, आणि त्यास सुमारे सेकंदाचा शंभरावा भाग जातो. हा काळ ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण प्रोसेसर तेवढ्यात लक्षावधी आज्ञा पार पाडू शकला असता. एसएसडी नावाच्या साठ्यात काही फिरतच नाही, म्हणून तेथे हेच काम शंभरपट लवकर होते. त्यामुळे नेहरू प्लेसमधील अनुभवी कारागीर मंद लॅपटॉपला आधी एसएसडी आणि रॅमची आणखी एक पट्टी सुचवितो, तेव्हा त्याचा सल्ला बहुधा रास्त असतो. मात्र काही पातळ लॅपटॉपांत रॅम पाटीवरच जडविलेली असते. तेथे वाढीस वाव नसतो. आडातच नाही, तर ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. यांतील सुखाची गोष्ट ही, की लिनक्स अंगावर घेतल्यावाचून पारखता येते. संपूर्ण प्रणाली एका पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू करायचा. आतील डिस्कला तोवर हात लागत नाही. यालाच ‘लाइव्ह’ पद्धती म्हणतात. जर्मनीतील क्लाउस क्नोपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ नावाची तबकडी काढून ही रीत लोकप्रिय केली. पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, की जुनी प्रणाली होती तशी समोर हजर होते.

या परीक्षेची पूर्वतयारी मात्र चुकवू नये. पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या सर्व कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढणे. विंडोजने डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप घातले असल्यास त्याची परत मिळविण्याची किल्ली लिहून ठेवणे. मग प्रणालीची फाइल तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी आणि तेथे दिलेल्या पडताळणीच्या अंकाशी ताडून पाहावी, म्हणजे वाटेत काही बिघडले किंवा कोणी फेरफार केला असल्यास ते उघडकीस येते. ‘रुफस’सारख्या साधनाने ती किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर यात पुसला जातो, म्हणून तो रिकामाच घ्यावा. यंत्र सुरू होतानाच एक विशिष्ट कळ दाबली, की कोठून सुरुवात करायची अशी यादी येते. ही कळ निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी, बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. पडदा उजळल्यावर ‘वापरून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन मार्ग दिसतात. त्या दिवशी पहिलाच मार्ग धरावा. दुसऱ्या मार्गावर डिस्क पुसण्याविषयीचा प्रश्न येतो, आणि घाईने दिलेल्या होकाराची भरपाई प्रतीवाचून होत नाही.

नवी प्रणाली समोर आली, की तिच्या रूपावर भाळून न जाता शांतपणे एकेक गोष्ट तपासावी. वाय-फाय जोडले जाते काय? आवाज येतो काय? पडद्याचा उजेड कमीजास्त होतो काय? झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते काय? कॅमेरा आणि घरचे छपाईयंत्र चालते काय? प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी प्रणालीला त्याची भाषा जाणणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. पुष्कळ भागांचे दुभाषे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. पण काही वाय-फाय चिपांचे किंवा छपाईयंत्रांचे नसतात, आणि ते याच परीक्षेत कळते. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली डिस्कवरच्यापेक्षा मंद असणार हे लक्षात घेऊन वेगाचा निकाल सबुरीने द्यावा.

मराठी माणसाने आणखी एक परीक्षा अवश्य घ्यावी. कळफलकाच्या मांडणीत जाऊन मराठी निवडावी आणि चार ओळी टंकून पाहाव्यात. सरकारी कचेऱ्यांतून रूढ असलेली इनस्क्रिप्ट मांडणी तेथे असते. उच्चारानुसार लिहिण्याची पद्धतही घेता येते. देवनागरी टंक सोबतच येतात. लिबरऑफिस या लेखन-हिशेबाच्या साधनाचे आणि फायरफॉक्स या ब्राउझरचे मराठी रूपही उपलब्ध आहे. परंतु युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात खास टंकांत लिहिलेला जुना मजकूर मात्र तो टंक नसल्यास विचित्र चिन्हांच्या रांगांसारखा दिसतो. ज्यांच्या संग्रही संस्थेचे जुने अहवाल किंवा हस्तलिखितांच्या टंकित प्रती आहेत, त्यांनी विंडोज पुसण्यापूर्वीच असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.

काही अडथळे याहून मोठे असतात. दुकानदारांत रूढ असलेले टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेले आहेत. अंकीय स्वाक्षरीच्या काही किल्ल्या लिनक्सवर सहजासहजी ओळखल्या जात नाहीत. ज्याचा प्रपंच अशा एखाद्या साधनावर चालतो, त्याने कामाचे यंत्र बदलण्याचे धाडस करू नये. त्याच्यासाठी नवे यंत्र हाच शहाणपणाचा खर्च आहे. पण घरातील जुना लॅपटॉप पत्रव्यवहार, वाचन, संगीत आणि मुलांच्या अभ्यासासाठी राखता येतो. कारण आजची बहुतेक कामे ब्राउझरमध्येच होतात, आणि तो सर्वत्र सारखाच आहे.

जुन्या यंत्राचे आयुष्य अमर्याद आहे, असेही कोणी समजू नये. लिनक्सचे घराणेही मागचे ओझे सदैव वाहत नाही. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ वर आरंभ केला, त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरात गाभ्यातून काढण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत जुन्या ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापनाची सोय राहिली नाही. बॅटरी फुगलेली असेल, तर ती ताबडतोब काढून योग्य ठिकाणी द्यावी. तेथे प्रणालीचा प्रश्नच उरत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? केवळ काही हजार रुपये वाचविण्यासाठी? सामान्य कुटुंबाला तेही थोडे नाहीत. पण याची दुसरी बाजू दिल्लीतच, यमुनेच्या पलीकडे, ईशान्य दिल्लीतील सीलमपूरमध्ये दिसते. टाकाऊ विद्युत-साहित्य मोडून त्यातील धातू वेगळे करण्याच्या देशातील मोठ्या केंद्रांत या वस्तीची गणना होते. तांबे मिळावे म्हणून तेथे व आसपास तारा जाळल्या गेल्या आहेत, पाट्या तापवून त्यांवरील भाग सोडविले गेले आहेत, उरलेला धातू आम्लात काढला गेला आहे. जुन्या डाखात शिसे असते, जुन्या पडद्यांतील दिव्यांत पारा असतो, प्लास्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमिनयुक्त द्रव्ये असतात. त्यांचा धूर आणि गाळ आधी लागतो तो उघड्या हातांनी हे काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना. त्यांच्या कष्टांतून पुष्कळ धातू पुन्हा उपयोगात येतो हे खरे. पण त्याची किंमत ते आपल्या प्रकृतीने भरतात.

जगात २०२२ या एका वर्षात सुमारे ६.२ कोटी टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एकचतुर्थांशाहूनही कमी भाग रीतसर गोळा होऊन प्रक्रियेस गेल्याची नोंद आहे. भारतात २०२२ चे विद्युत-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. नियम योग्यच आहेत. परंतु कचऱ्याची उत्तम व्यवस्था ही त्याच्या जन्मानंतरची गोष्ट झाली. जे यंत्र आणखी चार वर्षे चालले, ते तेवढा काळ कचरा झालेच नाही, आणि त्याच्या जागी नवे यंत्र घडविण्यासाठी लागणारे खनिज, पाणी व वीज तेवढ्या काळापुरती वाचली.

म्हणून आपल्या घरी कपाटात पडून असलेल्या संगणकाविषयी निर्णय घेताना क्रम असा ठेवावा. आधी त्यातील मजकूर सुरक्षित करावा. मग विंडोज ११ ची पात्रता तपासावी. ती नसल्यास एका मोकळ्या दुपारी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. गरज दिसल्यास रॅम व एसएसडी वाढवावी. एवढे करूनही यंत्र निरुपयोगी ठरले, तर डिस्क नीट पुसून ते नोंदणीकृत पुनर्चक्रण-केंद्राकडे द्यावे. या परीक्षेस लागतो तो एक पेन ड्राइव्ह आणि थोडा धीर. बारा वर्षांच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेतल्यास संगणकाच्या आत काय चालते याचा धडाही सहज होऊन जाईल. आणि परीक्षा उतरली, तर ते यंत्र त्याच मुलाच्या अभ्यासाला कामी येईल.